गेटाबाहेरची हजेरी

येसबातात्या माणसाशी बोलायचे ते त्याच्या हनुवटीशी. डोळ्यांकडे त्यांचं लक्षच नसे. मी मंगळवार पेठेत बिऱ्हाड केलं त्याच दिवशी ते शेजारी म्हणून चौकशीला आले. गाव कुठलं, नोकरी कसली, हे सगळं राहिलं बाजूला. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि निकाल दिला, "मास्तर, तुमास्नी वसिष्ठ बसतोय. विश्वामित्र न्हाई. विश्वामित्राला जबडा लागतो."

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "हे डॉक्टर आहेत का हो?"

डॉक्टर नव्हते. येसबातात्या एका सिनेमा स्टुडिओत दाढ्या चिकटवायचे. आमच्या कोल्हापुरात त्या काळी पौराणिक सिनेमे निघत, आणि पौराणिक सिनेमा म्हटला की ऋषी आले, ऋषी आले की दाढी आली. दाढी तयार करणं, चिकटवणं, शूटिंग संपल्यावर कातडी न सोलवटता काढणं, हे सगळं तात्यांकडे. रविवारी ते दाढ्या धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घालायचे. माझी सासू पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, दिवेलागणीला अंगणात गेली आणि तशीच किंचाळत परत आली. तात्या शांतपणे म्हणाले, "भिऊ नगा, आजी. द्रोणाचार्य हाय त्यो. वल्ला हाय अजून."

त्यांचं एक पालुपद होतं. "चिकटलं पायजे. हलता कामा न्हाई." दाढीबद्दल म्हणायचे, लग्नाबद्दल म्हणायचे, नोकरीबद्दल तर म्हणायचेच. स्वतःचं लग्न मात्र कधी झालं नाही. मुरगूडकडून लहानपणी कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आलेला हा माणूस. स्टुडिओच्या थोरल्या मालकांनी त्यांना ठेवून घेतलं आणि मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणत, पोरासारखं जेवू घातलं. स्टुडिओच्या आवारातच मालकांचा बंगला होता. आईसाहेबांच्या स्वयंपाकघराची पायरी ही तात्यांची जेवायची जागा.

हे सगळं छान चाललेलं असताना थोरले मालक गेले आणि धाकटे मालक आले. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, सगळीकडेच नवे वारे. धाकट्या मालकांनी जाहीर केलं, यापुढे फक्त सामाजिक चित्रपट! नायक सूटबूटवाला, गुळगुळीत गालांचा. तात्यांचा संताप संताप झाला. "मास्तर, मिशी पेन्शिलीनं काढायल्यात! पेन्शिलीनं! ही काय शाळा हाय व्हय?"

संतापाने काय होणार? एके दिवशी धाकटे मालक म्हणाले, "येसबा, तुझ्याजोगं काम नाही. निघेल तेव्हा बोलावीन. तोवर बाहेर बस." आणि पगार बंद.

आता इथे एक गोष्ट होती. थोरल्या मालकांनी जाता जाता तात्यांना स्टँप पेपरावर पाच वर्षांचा करार करून दिला होता. त्यातली दोनच झाली होती. स्टुडिओतल्या युनियनने प्रकरण उचललं. मालकाने करार मोडला म्हणून दावा लागला आणि ट्रायब्युनलपुढे तारीख पडली. युनियनचे वकील तरुण होते, पण हुशार. त्यांनी करार वाचला आणि एका कलमावर बोट ठेवलं. परवानगीवाचून एक दिवस जरी गैरहजर राहिला, तरी करार आपोआप रद्द. "तात्या, त्यांनी तुम्हाला काढलंय असं लिहून दिलेलं नाही. बाहेर बस म्हणालेत ना? मग रोज जायचं आणि बाहेर बसायचं. एक दिवस चुकलात की ते म्हणणार, करार यानेच मोडला."

झालं! त्या दिवसापासून तात्या सकाळी दाढ्यांची पेटी काखेला मारून स्टुडिओच्या गेटाबाहेर जाऊन बसू लागले. पेटी कशाला, विचारलं तर म्हणाले, "आन् अचानक वाल्मिकी लागला तर?" माझी शाळा त्याच रस्त्यावर, त्यामुळे जाता-येता मला ते दिसायचे. अंगात ताप असला तरी घोंगडी पांघरून बसलेले. गेटावरचा वॉचमन त्यांचा जुना दोस्त, पण त्याचीही नोकरी होती. तो हजेरीबुकात खूण करायचा आणि परक्यासारखा म्हणायचा, "पावणं, जरा बाजूला बसा, मोटार येणार हाय." या 'पावणं'चं तात्यांना फार लागलं. रात्री आमच्याकडे जेवताना दोनदा मला म्हणाले, "मला पावणं म्हनला त्यो, मास्तर."

काळजी हा तात्यांचा दुसरा धंदा होऊन बसला. पहाटे माझी कडी वाजवायचे. "मास्तर, जज्जसाहेबाम्होरं शिंक आली तर काय करायचं?" "शिंकायचं, तात्या." "बेअदबी न्हवं?" दुसऱ्या दिवशी, "माझं ध्यान साहेबांच्या हनुवटीकडं गेलं तर?" मी चिडायचो. शाळेतली पोरं कमी होती म्हणून हा सकाळचा वर्ग माझ्या नशिबी! पण खरं सांगायचं तर तोवर माझंही धाबं दणाणलं होतं. कारण रोज त्यांना गेटाबाहेर पाहणारा साक्षीदार म्हणून वकिलांनी माझं नाव दिलं होतं. मी जन्मात कोर्टाची पायरी चढलो नव्हतो. शपथेचं नुसतं नाव काढलं तरी मी विषय बदलायचो.

आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी वकिलांना ठाऊक नव्हती.

तात्या एक दिवस चुकले होते.

आईसाहेब वारल्या त्या दिवशी. गाव लोटलं होतं पंचगंगेवर. मीही गेलो होतो. गर्दीच्या पार मागे तात्या दिसले. मग कधीतरी पुढे झाले आणि खाली मान घालून लाकडं रचायला लागले. धाकट्या मालकांना कशाचंच भान नव्हतं. तात्यांनी चितेचं लाकूड न् लाकूड हाताने नीट लावलं, हलवून पाहिलं, आणि अग्नी देण्याआधी निघूनही गेले. तिकडे गेटावर वॉचमनने रोजच्याप्रमाणे बूक उघडलं आणि गैरहजर म्हणून खूण केली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी तात्यांना म्हटलं, "वकिलांना सांगून टाका. एका वाक्याचं काम आहे."

"न्हाई."

"अहो, त्याच दिवसावर ते तुम्हाला धरणार! नोकरी जाईल!"

"जाऊ दे. आईसाहेबांचं मढं कोर्टात न्हिऊन मला करार जितायचा न्हाई. आन् तुमीबी गप बसायचं. खोटं बोला म्हनत न्हाई. गप बसा म्हनतोय."

"शपथेवर गप्प कसं बसतात, तात्या?"

"वसिष्ठ बसतोय न्हवं तुमास्नी? मग जमंल की." एवढं बोलून ते उठून गेले. मला रात्रभर झोप नाही. बोललो तर हा माणूस तोंड बघणार नाही, न बोललो तर याची भाकरी जाणार. बायको म्हणाली, "जे खरं ते सांगा." सोपं आहे म्हणायला! तिला कुठे पिंजऱ्यात उभं राहायचं होतं?

ट्रायब्युनलचे साहेब बाहेरगावचे. गोरे, घाऱ्या डोळ्यांचे, टेबलावर कागदांचा ढीग. आधी तात्या उभे राहिले. मी देवाचं नाव घेत होतो आणि तात्या साहेबांच्या हनुवटीकडे टक लावून बघत होते. मालकांचे वकील पुण्याहून आणलेले. त्यांनी हजेरीबूक उघडलं आणि एक तारीख मोठ्याने वाचली.

"या दिवशी कुठे होतात?"

तात्यांनी नजर साहेबांच्या हनुवटीवरून हलवली नाही.

"परवानगी घेतली होती?"

"न्हाई."

"कुठे होतात ते सांगा."

"सांगायचं न्हाई."

आमच्या वकिलांनी डोक्याला हात लावला. साहेबांनीही दोनदा समजावून विचारलं. "न्हाई सांगायचं, साहेब. माफी असावी." पुण्याचे वकील साहेबांकडे वळून म्हणाले, "करार कुणी मोडला हे स्पष्ट आहे." मी मालकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. वकिलांवर सगळं सोपवून मोकळे झालेले. कागदांतल्या तारखा त्यांनी वाचल्यासुद्धा नसाव्यात.

मग माझं नाव पुकारलं. शपथ घेताना माझा आवाज असा फुटला की साहेबांनी पाणी मागवलं. रोज यांना गेटाबाहेर पाहत होतो, हे मी कसंबसं सांगितलं. पुण्याचे वकील उठले.

"रोज? मग त्या तारखेलाही पाहिलंत?"

"पाहिलं."

"गेटाबाहेर?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या मान हलवून नको म्हणत होते.

"गेटाबाहेर नाही," मी म्हटलं.

"म्हणजे परवानगीवाचून गैरहजर. बरोबर?"

आणि कुणास ठाऊक काय झालं, एवढ्या दिवसांची भीती एकदम डोक्यात गेली. "परवानगी कुणाची घ्यायची हो?" मी ओरडलो. अक्षरशः ओरडलो. "परवानगी देणारे तिरडीपुढे मडकं धरून चालले होते! त्यांच्या आईची चिता रचत होता हा माणूस! स्टुडिओ बंद, गाव बंद, आणि तुम्ही हजेरी कसली विचारताय?"

शिपाई माझ्या दिशेने दोन पावलं आला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. धाकटे मालक उभे राहिले होते. त्यांनी वकिलांच्या हातातलं बूक घेतलं, तारीख पाहिली आणि म्हणाले, "बास. पुरे करा."

त्यानंतर सगळं भराभर झालं. अडकलेला पगार द्यायचा, कराराची राहिलेली वर्षं तात्यांना कामावर ठेवायचं, असं दोन्ही वकिलांनी लिहून दिलं आणि साहेबांनी सही केली. आमचे वकील माझा हात दाबून दाबून हलवत होते. मला वाटलं, आता तरी तात्या हसतील.

व्हरांड्यात आल्यावर ते माझ्यापासून चार हात लांब जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "तात्या, जिंकलात की!" तर म्हणाले, "न्हेलंसा शेवटी तिला कोर्टात." डोळे भरलेले होते. मला राग आला, वाईट वाटलं, आणि यांना सोडून घरी जावं असंही वाटलं.

तेवढ्यात धाकटे मालक बाहेर आले. तात्यांजवळ येऊन उभे राहिले. लहानपणी तात्यांच्याच मांडीवर बसून खोट्या मिशा लावून घेतलेला हा मुलगा.

"येसबा," ते म्हणाले, "मसणात आलास, मग आईच्या तेराव्याला का नाही आलास? तुझं पान मांडायचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही रे."

"आलतो की, मालक," तात्या म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "गेटातनं आत सोडायचं न्हाई असा हुकूम होता तुमचा. मग खानावळीत गेलो, दोन पानं मांडायला सांगितली. एक आईसाहेबांचं, एक माझं. आन् जेवलो."