केळवणाचा दुसरा पाट

ऋजुताचं लहान आतडं तिच्यासोबत स्कूटरवर मागे बसून मिरजेला केळवणाला आलं. कुमुदआत्याने त्याच्यासाठी दुसरा पाट मांडला आणि त्याच्याभोवतीही रांगोळी काढली. भाचीच्या आतड्याला दारात ताटकळत ठेवणाऱ्यांतली ती नव्हती.

आतडं हल्ली सगळीकडेच यायचं. ऋजुताला सिलिॲक होता. गव्हाचा कण पोटात गेला तरी शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठायचं. टर्किश टॉवेलला असते तशी आतली लव झिजून सपाट झाली होती आणि खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. हे सांगून सांगून तिचा घसा बसला, तरी लोक म्हणत, "अर्धी पोळी खा गं, काही होत नाही." शेवटी आतड्याने बोलायचं काम स्वतःकडे घेतलं.

आज समोर होणारी सासू, घळसासीबाई, बसल्या होत्या. ऋजुता इथून उपाशी उठली असती, तर त्यांनी तिला जन्माची नखरेल ठरवलं असतं. म्हणून आत्याने नवा तवा घेतला, नवा पोळपाट घेतला. गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात, म्हणून ती घरी मिक्सरवर दळली. पुरणपोळीला फाटा देऊन उकडीचे मोदक केले.

"तवा?" आतड्याने विचारलं.

"कोरा करकरीत."

"पीठ?"

"घरचं. विचारा की अजून." आत्याची मान ताठ होती.

"फोडणीत हिंग कुठला?"

आत्याने डबी आणली, चष्मा लावून वाचली आणि मटकन खाली बसली. हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं होतं. जन्मभर हिंग वापरला, पण ही डबी तिने कधी वाचली नव्हती. आमटी, वांगी, कोशिंबीर, सगळ्यांना तीच फोडणी होती.

"अहो, चिमूटभर तर हिंग," घळसासीबाई म्हणाल्या. "तेवढ्याने काय होतंय? घे गं घास."

"नको," ऋजुता मान खाली घालून, पण स्पष्ट म्हणाली. आत्या उठली.

"नाही घ्यायचा," ती म्हणाली. "तिच्या आतड्याला चिमूटही पुष्कळ झाली. हे आपण खाऊ विहीणबाई, तिच्यासाठी मी पुन्हा करते."

घळसासीबाईंनी पदर खोचून विळी ओढली.

"हात धुतलेत ना?" आतड्याने विचारलं.

"धुते," त्या म्हणाल्या आणि धुवून आल्या.

हिंगाशिवायची आमटी झाली. ऋजुता पोटभर जेवली, तिने मोदकांवर तूप मागून घेतलं. आतडं घळसासीबाईंकडे वळलं.

"माझी लव पुन्हा भरून आलीय," ते म्हणालं. "औषधाने नव्हे. ही पोरगी भरल्या पंगतीत नाही म्हणते, त्याने आलीय. जपून न्या."

"नेते," घळसासीबाई म्हणाल्या. "आमचा हिंगही बदलते."

आत्याला भाचीचा इतका अभिमान वाटला की तिचे डोळे भरून आले. तिने ऋजुताची ओटी भरली. ओटीतले गहू वगळून तांदूळच घेतले होते. मग दुसऱ्या पाटासमोर बसून तिने आतड्यालाही कुंकू लावलं आणि नारळ पुढे केला.

"नारळ चालतो," आतडं म्हणालं.