वांग्याच्या नळ्या आणि लाल फडकं

आमच्या शेजारच्या दगडूआप्पांच्या स्वयंपाकघराच्या दारावर लाल फडकं लटकत असलं, की आत जायचं नाही. हिरवं दिसलं, की जायचं आणि मुकाट्याने ताट घ्यायचं. अख्खा जन्म मालगाडीवर गार्ड म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन दौंडलाच आमच्या गल्लीत घर बांधलं, पण डोक्यातले रूळ काही निघाले नाहीत. दूधवाल्याला उशीर झाला, तर "आउटर शिग्नलला उभा व्हतास का?" जावई न कळवता आला, तर "ही गाडी टाइमटेबलात न्हाई."

अशा माणसाने दर रविवारी इटलीचा वांग्याचा पास्ता करायला घेतला, तेव्हा आप्पा रुळावरून घसरले असंच गल्लीला वाटलं.

कारण होतं माईंचं. आप्पांची बायको. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या त्या सव्वा महिन्यासाठी, आणि नातू चालायला लागला तरी तिकडेच. लेक सुनी नोकरीवाली. माईंनाही तिथे बरं वाटत होतं. एकदा फोनवर म्हणाल्या, "सुनीनं वांग्याचा पास्ता केला. ताट आयतं हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा." आप्पांनी फोन ठेवला आणि मला येऊन विचारलं, पास्ता म्हंजी काय असतं.

'परत ये' म्हणायला मात्र जीभ रेटत नव्हती. मी म्हटलं, आप्पा, सरळ बोलवा की. तर म्हणाले, "गाडी ठेसनात रमली आसंल, तर गार्डानं उगा शिट्टी मारू न्हाई."

सुनीने पास्त्याच्या नळ्यांचे पुडे आणि कृती पाठवली. वांगी आप्पा बाजारातून वडगाव रासाईच्या माळणीकडूनच घेत. चकत्या करून मीठ लावायचं, तळायच्या, टोमॅटोचा रस आटवायचा, वर खारवलेलं पनीर किसायचं. पहिल्या रविवारी नळ्या इतक्या शिजल्या, की डाव घातला तर अख्खी मालगाडी एकदमच बाहेर आली. आप्पा म्हणाले, डब्यांचं कपलिंग सुटंना. पुढच्या रविवारी इतक्या कच्च्या, की माझी दाढ वाजली.

कृतीत तुळशीसारखी पानं होती. अंगणात माईंची तुळस होतीच. मी म्हटलं, खुडा चार पानं. आप्पांनी माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं.

"मालकीण ड्यूटीवर न्हाई. तिच्या मालाला हात लावायचा न्हाई."

मग माझ्या दारच्या सब्ज्याची पानं न्यायचे. बदल्यात मला पास्ता खावा लागे. घरी येऊन मी गुपचूप भाकरी खात असे.

थंडी सुरू झाली तेव्हा एका रविवारी माई गोधड्या न्यायला आल्या. सकाळच्या गाडीने आल्या, संध्याकाळच्या गाडीने जाणार. दारावर लाल फडकं.

"माझ्याच घरात मला लाल?" म्हणत माई माझ्याशेजारी ओसरीवर टेकल्या. आत भांडी आदळत होती. एकदाचं हिरवं झालं, आणि आप्पांनी बाहेर येऊन ताट त्यांच्या हातात दिलं. आयतं.

मी माझ्या ताटातला एक घास खाल्ला आणि पाणी प्यायले. वांग्याला मीठ, पनीर खारट, वर रसातही मीठ. आप्पा खांद्यावर ते लाल फडकं टाकून उभे. माईंनी ताट पुसून खाल्लं आणि हात धुवायला अंगणात गेल्या.

तुळस छातीपर्यंत वाढली होती. मंजिऱ्या वाळून काळ्या पडलेल्या.

"अहो, मंजिऱ्या तरी खुडायच्या."

"तुझी हाय," आप्पा म्हणाले.

माई उभ्या उभ्याच मंजिऱ्या खुडू लागल्या. ओचा भरला तरी थांबेनात. शेवटी मीच म्हटलं, माई, गाडीची वेळ झाली, गोधड्या बांधायच्यात ना.

त्यांनी ओचा झटकला.

"सुनीला फोन लावा. पाळणाघर बघ म्हणावं. आन् पुढच्या रविवारी मीठ मी घालीन."

आप्पा आत गेले आणि लाल फडक्याने ओटा पुसू लागले.