रिकाम्या बाटलीतलं ॲसिड

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मी न केलेला प्रयोग लिहिला, आणि त्यासाठी रिकाम्या बाटलीतून पाच मिली मँगॅनिक ॲसिड काढलं.

बाटली आमच्या भोयर सरांची. प्रयोगशाळेत अगदी वरच्या फळीवर, काळपट काचेची, बुचाला मेण लावलेली आणि वर टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठी : 'मँगॅनिक ॲसिड'. सर रोज सकाळी ती फडक्यानं पुसत. मी खालूनच नाव वाचलं आणि वहीत ओतलं.

"आण गा ते बाटली," वही तपासताना सर म्हणाले. "हलव. काहून वाजून नाही राहिली?"

"संपलं असेल, सर."

"संपाले आधी असा लागते! हे ॲसिड बाटलीत राहतच नाही, बावा. तयार झालं का लगेच मोडलं. त्याचे हिरवे क्षार तेवढे टिकतात, त्याइच्यावरून आपण याले ओळखतो. जांभळं ते परमँगॅनिक, त्याची गोष्ट येगळी."

ती बाटली म्हणजे लबाडांसाठी लावलेला पिंजरा होता. त्या वर्षीचा उंदीर मी.

सरांना या ॲसिडांचं वेडच होतं. बाजारात कोणी भाजी धुवायला लाल दवा मागितली, की हे मध्येच, "परमँगॅनिक ॲसिडचा पोटॅशियम क्षार म्हणा!" दुकानदार हात जोडी. "मास्तर, पुडीवर एवढं नाव मावत नाही."

वही सहीविना परत आली. सही नाही तर परीक्षा नाही. रविवारी मी सक्करदऱ्याला सरांचं घर गाठलं. दार उघडंच होतं. खिडकीशी खाटेवर सरांच्या बायको होत्या. पाय गेले तेव्हापासून त्यांचं जग त्या खिडकीएवढं होतं. त्यांच्यापुढे सर उकिडवे बसून, गाल फुगवून, पेल्यातल्या हिरव्या पाण्यात नळीनं फुंकत होते. बघता बघता पाणी जांभळं झालं.

"ॲसिड आलं आन् गेलं," सर हळूच म्हणाले. "दिसलं का वं?"

"नाही. आणखी एकदा करा."

तेवढ्यात सरांनी मला पाहिलं आणि ते ओशाळले. "कॉलेजातलं सारं घरी आणून दाखवा लागते हिले," म्हणाले. मग गुपचूप वही ओढली. "खोड ते. लिही, बाटली रिकामी होती."

मी लिहिलं. त्यांनी सही केली.

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अवो, हाच का तो बाटलीवाला?"

"हाच."

"अगाई! मले वाटलं, लबाड म्हणजे दिसाले तरी हुशार असन."