त्याईचंच ठेवा

“त्याईचंच ठेवा हो! आपलं काय, आपन पुन्हा लिहू.”

पार्टिशनपलीकडून रफिकभाईंचा आवाज आला आणि मी ओळखलं, कुणाच्या तरी फोल्डरवर पिवळा त्रिकोण उगवलाय.

अकोल्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठी कापूस मोजायचं सॉफ्टवेअर बनायचं. सगळ्यांनी लिहिलेला कोड एका ठिकाणी जमा करायला एक प्रोग्राम होता. फोल्डर हिरवं म्हणजे सगळं जमा. लाल म्हणजे काहीतरी बाकी. दोघांनी एकच ओळ बदलली की पिवळा त्रिकोण. मग पडद्यावर दोघांच्या ओळी शेजारी शेजारी यायच्या आणि बटणं दोन: ‘माझं’ आणि ‘त्यांचं’. बटणं इंग्रजीत होती, ही नावं ऑफिसातली.

रफिकभाई आमच्यातले सर्वांत जुने. त्यांनी ‘माझं’ दाबलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. बाळापूरहून येताना जीपमध्ये दुसऱ्याला जागा देऊन स्वतः दाराला लटकायचे, तसंच इथं. एकदा ते आणि दर्यापूरचा सुधाकर एकमेकांना मान देत आपापली ओळ इतकी खोडत राहिले, की पावतीवरून गाडीचा नंबरच उडाला.

“काहून उडाला?” साहेब कडाडले.

“दोघंबी सज्जन आहो ना, साहेब,” सुधाकर म्हणाला.

मलाही ही ‘त्यांचं’ दाबायची रीत सोयीची होती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे वऱ्हाडी बोलायला मी लाजायची. ‘त्यांचं’ दाबलं की बोलावंच लागत नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी त्रिकोण माझ्याच पडद्यावर आला. एक ओळ रफिकभाईंची, एक माझी. जिनिंगवाल्यांचा फोन, “गाड्या लागल्या, पाठवा लवकर!” रफिकभाईंच्या ओळीत ओलाव्यापोटी वजनातली कपात दोनदा होत होती. त्या वर्षी कापसाला भाव नव्हताच. वर प्रत्येक गाडीतला शेतकऱ्याचा थोडा कापूस फुकटात गेला असता.

रफिकभाई मागे येऊन उभे राहिले. “दाबा ना ताई. थांबल्या काहून?”

मी बाण ‘माझं’वर नेला. ते हळूच म्हणाले, “हे ‘माझं’ मी एकदा म्हनलो होतो. घराच्या वाटनीत, भावाले. त्यानं सारं मलेच देऊन टाकलं अन् निंगून गेला तेल्हाऱ्याले. आता ईदचा शिरखुर्मा मी एकटाच पेतो.”

तरी मी ‘माझं’ दाबलं.

फोल्डर हिरवं झालं. थोड्या वेळानं फोन आला: पहिली पावती निघाली, कपात एकदाच. सुधाकरनं टेबल बडवलं, साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. रफिकभाई मात्र माझ्याच पडद्याकडे पाहत उभे होते, कुणी रुसून गेल्यासारखे.

मी खुर्ची वळवली आणि सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल असं म्हणाले, “ओळ माझीच बरोबर हाय, रफिकभाई. अन् मी कोठं निंगून नाई जाऊन राहिली!”