रामटेकेभाऊंची सोयरीक

लग्नाच्या मांडवात रामटेकेभाऊ दिसले की आमच्या गुढियारी वस्तीतले यजमान घाईघाईने त्यांना पंगतीत बसवतात. त्यांचं तोंड भरलेलं असलेलं बरं. मोकळं राहिलं तर ऐन फुलं उधळायच्या वेळी ते नवरदेवाच्या बापाला गाठणार. "सिकलची तपासणी केली का पोट्ट्याची? अन् पोट्टीची?"

"झाली, भाऊ," म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार. "रिपोर्ट कुठाय?"

सिकल म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण दोष रक्तात बाळगून असले, तर मूल आजारी निघू शकतं. हे वाक्य भाऊंनी इतक्यांदा ऐकवलंय की पंडरी बाजारातले कापडवालेही बस्त्याला आलेल्यांना ते पाठ म्हणून दाखवतात.

आता गंमत बघा. हेच भाऊ पोटासाठी नेमकं उलटं काम करतात. मी ज्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे तिथे ते झेब्राफिश सांभाळतात. पट्ट्यापट्ट्यांचे एवढेएवढेसे मासे. माणसाच्या आजारांवरची औषधं आधी यांच्या पिल्लांवर तपासता येतात, कारण पिल्लं आरपार दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त धावताना दिसतं. संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडमना फिकट रक्ताची, म्हणजे रक्तात दोष घेऊन जन्मलेली पिल्लं लागतात. त्यासाठी मुद्दाम वाहक नर आणि वाहक मादी यांचीच जोडी लावायची. संध्याकाळी दोघांना एका डब्यात मधे पडदी घालून ठेवायचं आणि सकाळी दिवे लागले की पडदी काढायची. ती काढताना भाऊ दर वेळी हात जोडतात.

"माफ करजो रे बापू. तुले माहीत नाही, मले माहीत आहे."

एकदा मी हसलो. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग दुसऱ्याच कोणाकडून कळलं की त्यांची एकुलती मुलगी, प्रिया, सिकलची पेशंट आहे. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात प्रियाने स्वतः पसंत केलेला मुलगा आईला घेऊन घरी आला. भाऊंनी मला सोबतीला बसवलं होतं. पोहे यायच्या आत त्यांनी मुलीचा आजार सांगून टाकला आणि समजावायला चक्क प्रयोगशाळेतल्या माशांचं उदाहरण काढलं. "समजा, हा नर..."

मुलाची आई उठलीच. "आम्ही सून पाहाले आलो, भाऊसाहेब. मच्छी नाही."

मुलगा तेवढा बसून राहिला. "मेरा टेस्ट करा लेते हैं, अंकल. कहाँ जाना है, बताइए।"

तो वाहक निघाला तर भाऊ नाही म्हणणार होते, आणि प्रिया तर मनाने हो म्हणून बसली होती. रिपोर्ट येईपर्यंत भाऊंनी माशांना दोनदोनदा खाऊ घातलं, डब्यांवर भलत्याच चिठ्ठ्या चिकटवल्या. मॅडमनी न रागावता त्यांना चहा पाजला.

चौथ्या दिवशी सकाळी मुलाने रिपोर्टचा फोटो पाठवला. भाऊंनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "तू वाच. मले दिसून नाही राहिलं."

मुलाच्या रक्तात दोष नव्हता. वाहकसुद्धा नव्हता तो. म्हणजे होणारी मुलं वाहक असतील, पण आजारी एकही नाही. मी हे दोनदा वाचून दाखवलं.

भाऊ टाक्यांच्या मधल्या बोळात फतकल मारून बसले. "मी अन् तिची माय, दोघंबी वाहक. आम्हाले कोणी विचारलंच नाही, आम्हीबी नाही विचारलं. पोट्टीचे हातपाय ठणकतात तवा मी तेल चोळून देतो अन् सांगतो, होते बरं. मीच देल्लं ना तिले हे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

त्यांनी प्रियाला फोन लावला. पण बातमीच्या आधी हुंदकाच बाहेर पडला.

"पापा? रो रहे हो क्या?"

"हव," भाऊ म्हणाले. "पण आनंदानं रडून राहिलो. तुह्या लेकरांले नाही दुखणार, बेटा."