तीन इंची पाणी

इंद्रभानच्या मुलाला नोकरी होती, पण ती कसली हे गावात कोणालाच सांगता येत नव्हतं. लग्नाच्या बाजारात न सांगता येणारी नोकरी आणि नसलेली नोकरी यांत फारसा फरक करत नाहीत. त्या मुलाची, प्रज्वलची, कंपनी नागपुरात होती, खाण ओडिशात होती आणि प्रज्वल स्वतः बीबी गावाजवळच्या आपल्या खेड्यात, माडीवरच्या खोलीत पलंगावर होता. कंपनी जमिनीत ठिकठिकाणी भोकं पाडायची. कुठल्या भोकात किती खोलीवर कसला दगड आणि किती लोखंड सापडलं, याचे आकडे त्याला पाठवायची. त्या आकड्यांवरून त्याचं सॉफ्टवेअर जमिनीखालचा लोखंडाचा साठा लाल रंगात काढून दाखवायचं. त्याची आई पुष्पाबाई शेजारणींना सांगायची, "पोरगा जमिनीच्या पोटातलं पायते." यावर कोणी हसलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कोणी हसलं नाही.

आठवड्याभरात सरपंच विमलबाई घरी आल्या. पाण्याच्या टाकीसाठी पंचायतीला एक बोअर मंजूर झाली होती आणि जागा ठरत नव्हती.

"प्रज्वल, कुठी पाणी हाय ते पायून सांग बरं."

"काकू, त्यात दिसत नाई काही. दोन भोकांच्या मधात काय असंन, याचा अंदाज करते ते."

"मंग कर ना अंदाज! आपल्या गावात भोकं काय कमी हायेत?"

हे मात्र खरं होतं. गावात घरटी एक बोअर होती, काही घरांत तर माणसांपेक्षा बोअर जास्त होत्या. प्रज्वलला काम आवडलं. तो मोबाईल घेऊन वावरा-वावरातून फिरला आणि प्रत्येकाला विचारत गेला, बोअर किती खोल, दगड कसा, पाणी किती.

नागपूरच्या होस्टेलात राहून तो एक गोष्ट विसरला होता. आपल्या बोअरचं पाणी या भागात कोणी खरं सांगत नाही. शेजारी विचारत असेल तर कमी सांगायचं, नाहीतर तो उद्या पाईप घेऊन येतो. होणारा व्याही विचारत असेल तर जास्त सांगायचं. खरा आकडा फक्त मोटारीला माहीत असतो. त्यामुळे ज्याला विचारलं, तो म्हणाला, "कायचं पाणी राजा, चूळ भरता येते, बस."

सगळ्यात शेवटी प्रज्वल घरी आला. नेमके त्या वेळी ओसरीत हिवरा आश्रम गावचे भगवंतराव चहा पीत बसले होते. त्यांच्या मुलीची, काजलची, प्रज्वलशी सोयरीक चालली होती आणि इंद्रभानने त्यांना नुकतंच आपल्या बोअरचं पाणी तीन इंची, म्हणजे तीन इंची पाईप भरून वाहणारं, असल्याचं सांगितलं होतं.

"बाबा, आपल्या बोरले पाणी किती हाय?" प्रज्वलने विचारलं.

इंद्रभानने मुलाकडे पाहिलं. मग भगवंतरावांकडे पाहिलं.

"तीन इंच! तुले माईत नाई का बे?"

प्रज्वलने तीन इंच लिहिलं.

रात्री सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं. त्याला गावाचे रीतिरिवाज माहीत नव्हते. सगळ्या गावाखाली त्याने निळ्या दोऱ्यासारख्या बारीक रेघा काढल्या आणि इंद्रभानच्या वावराखाली म्हैस बसावी एवढा निळा गोळा काढला. ऑफिसच्या कामात असा एकच आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आला असता, तर प्रज्वलने तो भोक पाडणाऱ्यांकडे परत पाठवला असता. पण इथे भोक वडिलांचं होतं. त्याने चित्र विमलबाईंना पाठवलं, विमलबाईंनी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं, आणि सकाळपर्यंत गावाचं एकमत झालं.

"म्हंजे आमच्या सगळ्यायचं पाणी इंद्रभानच्याच वावरात जाऊन राह्यलं!"

इंद्रभानने चित्र पाहिलं आणि मुलाला माडीवर गाठलं.

"ते चित्र मांगं घे."

"काऊन?"

"अर्धा इंच हाय."

"काय अर्धा इंच?"

"आपलं पाणी."

पुष्पाबाई जिन्यातून म्हणाल्या, "अवो, मंग खरं सांगून टाका ना."

"कोनाले? भगवंतरावले? पोरगी देईन का तो मंग?"

काजल प्रज्वलला मनापासून आवडली होती. पाहण्याच्या कार्यक्रमात तिने त्याला नीट विचारलं होतं की खाणीचं चित्र चुकलं तर कसं कळतं. त्याची नोकरी कसली हे समजून घेणारी आजवरची ती एकटीच. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चुकीच्या आकड्याबद्दल माया वाटली. चित्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी विमलबाई दानपत्र घेऊन आल्या. बोअर आणि टाकीसाठी गुंठाभर जागा हवी होती. इंद्रभानने आधी वाटण्या व्हायच्या असल्याचं सांगितलं, मग जागा देवाला सोडल्याचं सांगितलं. संध्याकाळी भगवंतरावांचा फोन आला.

"इंद्रभानभाऊ, तीन इंच पाणी असून तुमी गावाले घोट देत नाई म्हणते लोक. पोरगी द्याची म्हंजे आमाले मनबी पाहा लागते."

इंद्रभानने त्याच रात्री विमलबाईंच्या घरी जाऊन सही केली. वर तोऱ्यात म्हणाला, "गुंठा काय, दोन घ्या!" विमलबाईंनी दोन घेतले.

बोअरगाडी आली त्या दिवशी भगवंतराव नारळ घेऊन हजर झाले. चित्रात गोळा जिथे सगळ्यात जाड होता, तिथेच गाडी उभी केली. ती जागा इंद्रभानच्या जुन्या बोअरपासून हाकेवर होती. नारळ फुटला, गाडी सुरू झाली आणि भुकटी उडाली. आधी लाल उडाली, मग राखेसारखी उडाली. मग काळी उडत राहिली. दुपारपर्यंत जमलेलं सगळं गाव पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसत होतं. पाण्याचा पत्ता नव्हता. प्रज्वल बांधावर बसून मनातल्या मनात काजलला निरोप देत होता.

शेवटी इंद्रभानला राहवलं नाही. तो भगवंतरावांच्या कानाशी गेला.

"भगवंतराव, मी खोटं बोललो. अर्धाच इंच हाय. पोराचा यात काही दोष नाई."

गाडीच्या आवाजात स्वतःचा खोकलाही ऐकू येत नव्हता. भगवंतरावांनी, अशा वेळी सभ्य माणसं हलवतात तशी, मान हलवली. इंद्रभानने ती माफी समजून डोळे पुसले. तेवढ्यात भोकातून चिखल उडाला आणि पाठोपाठ पाणी आलं. चार इंच आलं. गाव ओलंचिंब झालं.

"तीन म्हणले अन् चार निंघालं!" भगवंतरावांनी इंद्रभानला मिठी मारली. "कमी बोलणारा माणूस हाय हो तुमी!"

लग्नाची तारीख तिथेच, चिखलात ठरली. प्रज्वलने घरी येऊन पुन्हा पुन्हा चित्र पाहिलं. आकडा खोटा, चित्र खोटं आणि पाणी खरं. त्याला शिकवलेल्यात याचं उत्तर नव्हतं. तीन दिवसांत इंद्रभानची जुनी बोअर आटली आणि तो स्वतःच्याच वावरातलं पाणी पंचायतीच्या नळाला, पाळी आल्यावर भरू लागला. तक्रार करायला तोंड नव्हतं.

गावाने मात्र यातून योग्य तो बोध घेतला. सकाळी सकाळी माडीच्या जिन्यात रांग लागली.

"प्रज्वल, माह्यं चुकीचं सांगतल्या गेलं. पाच इंच लिव."

"माह्यं सात कर बरं, विहिरीजवळचं."

त्या रांगेत विमलबाईही होत्या.

त्याच गडबडीत काजलचा फोन आला. प्रज्वल मोबाईल घेऊन गच्चीवर गेला.

"बाबा तुमच्या घरचं लय कौतुक करून राह्यले," ती म्हणाली. "एक खरं सांगा. ते तीन इंच खरंच होतं का?"

ठरलेलं लग्न मोडायला एक शब्द पुरला असता. पण चित्र चुकलं तर कसं कळतं, हे विचारणाऱ्या मुलीशी प्रज्वलला खोटं बोलवेना.

"अर्धा," तो म्हणाला.

काजलने उलट त्यालाच विचारलं,

"आमच्या बाबानं माह्याबद्दल काय सांगतलं तुमाले?"

"पोरगी लय शांत हाय म्हणे. घरात आवाजबी येत नाई तिचा."

"तेबी अर्धाच इंच धरा मंग," काजल म्हणाली, आणि तेवढ्यात तिला धाकटा भाऊ दिसला असावा. "ए ऋत्विक! माह्या गाडीची चाबी कोनाले इचारून नेली बे तू? हात तोडून ठेवीन, सांगून राह्यली!"

प्रज्वलने मोबाईल कानापासून लांब धरला. जिन्यातली रांग वळून गच्चीकडे पाहू लागली. त्याला हसू आवरेना. भगवंतरावांच्या आकड्यात तर अर्धा इंचही पाणी नव्हतं.