वाघमारे गुरुजींचा अखेरचा चिंचोका

श्रीनागनाथास वंदन करून, आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षक वाघमारे गुरुजींना काल निरोप दिला, त्या निमित्ताने हे लिहितो.

गुरुजी रागावले की मनगटावरचे चावीचे घड्याळ पाहत आणि मला, शाळेच्या संस्कृतशिक्षकाला, सांगत, "पंडितजी, माझा राग नायट्रोजन-तेरा हाय. दहा मिनिटांत अर्धा व्हतो. तवर बोलू नका."

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग पुरा कवा उतरतो?"

"काहून उतरंल? अर्ध्याचं अर्धं उरतंच की रे!"

हा नायट्रोजन-तेरा म्हणजे नत्रवायूचा अल्पायुषी भाऊ. दर दहा मिनिटांत त्याचे सुमारे निम्मे अणू एकेक धन इलेक्ट्रॉन (पॉझिट्रॉन) टाकून कार्बन होतात. तो कार्बन मात्र स्थिर, अक्षय. आमच्या आखाडा बाळापुरात प्रयोगशाळा कुठली? गुरुजींनी घरून पटाच्या खेळातले, एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके आणले. परातीत टाकायचे, पांढरी बाजू वर आली, तो कार्बन झाला, बाजूला काढायचा. एक खेप म्हणजे दहा मिनिटे. दर खेपेस जवळजवळ निम्मेच काळे उरत.

"कोणता कवा पलटंल, ते ब्रह्मदेवालाबी ठाऊक न्हाई."

"ब्रह्मदेवाला मध्ये आणू नका," मी बजावी.

"बरं, पंडितजींना ठाऊक हाय का?" वर्ग हसे. मीही हसे.

बाजूला काढलेल्या चिंचोक्याला कुणी 'गेला' म्हटले, की गुरुजी खवळत. "गेला म्हणू नका, पलटला म्हणा!" आणि लगेच घड्याळ पाहत.

एकदा तपासणीस आलेले साहेब मांडी घालून परातीपुढे बसले आणि उठेनात. त्या दिवशी विद्वत्सभा जिंकल्यासारखी माझीच छाती फुगली.

काल मुलांनी अखेरचा डाव मांडायला लावला. शेवटी एकच काळा चिंचोका उरला. कितीदा टाकला, तरी काळाच.

"सर, आनखी टाका! पलटू द्या!"

गुरुजींनी तो मुठीत मिटला. "ह्यो न्हाई."

"अहो, धडा अपुरा राहील," मी म्हणालो.

"राहू द्या, पंडितजी. हे समदे चिंचोके आमच्या मंडळींनी दगडावर घासलेले. सांजच्याला आमी दोघंच खेळायचो."

इतकी वर्षे शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हते. मी चाचरत म्हणालो, "वहिनी गेल्या, त्यालाही आता..."

"पंडितजी," ते हळूच म्हणाले, "गेली म्हणू नका."

वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्यांनी उच्चारला नाही. घड्याळही पाहिले नाही.

वाचकहो, तुमच्या घरचा डाव दोघांचा राहो. आणि ज्या घरी एकच हात उरला असेल, तिथे श्रीनागनाथ स्वतः समोर येऊन बसो.